मागच्या फाटकाचं कुलूप

सोसायटीच्या ग्रुपवर गेले तीन महिने दुसरा विषयच नाही. मागच्या भिंतीपलीकडच्या मोकळ्या जमिनीवर हजारेक घरांचा प्रकल्प येतोय. बातमी फुटली त्या रात्री कुणीतरी लिहिलं, "हजार घरं म्हणजे दोन हजार गाड्या, आणि सगळ्या आपल्या चौकात!" सकाळपर्यंत दोनाचे तीन हजार झाले होते. माझा व्यवसाय हिशेब तपासण्याचा. व्हाउचर नसताना आकडा वाढला की कपाळाला आठी पडतेच. पण तेव्हा मी गप्प राहिले. प्रकल्प मलाही नकोच होता. हरकतीच्या अर्जावरच्या पहिल्या दहा सह्यांत माझी आहे.

मग बिल्डरने दिलेला वाहतूक परिणाम अहवाल हाती आला. तो जाडजूड गठ्ठा उघडायला कुणी धजेना, तेव्हा सचिवांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ताई, तुम्ही आकड्यांतल्या. तुम्हीच वाचा आणि त्यांना कुठे पकडायचं ते सांगा."

ताळेबंद आम्ही मागून वाचतो. पुढच्या पानांवर कंपनीला जे सांगायचं असतं ते असतं, आणि जे सांगावं लागतं ते मागच्या टिपांत. अहवालही तसाच परिशिष्टांपासून वाचायला घेतला. पहिली चूक सापडली ती आमचीच.

घरं किती यावरून गाड्या किती हे ठरवायला वाहतूक अभियंते फेऱ्यांचे दर वापरतात. घरातून निघालात ती एक फेरी, परत आलात ती दुसरी. अमेरिकेतली इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्सपोर्टेशन इंजिनिअर्स ही संस्था १९७६पासून अशा दरांचे तक्ते काढते आणि जगभर त्यांचा आधार घेतला जातो. त्या तक्त्यांत सुट्या बंगल्यामागे दिवसाला नऊ-दहा मोटारफेऱ्या धरतात, त्यातली साधारण एक संध्याकाळच्या सर्वांत गर्दीच्या तासात. इमारतीतल्या घरामागे त्या तासाला याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे हजार घरांमागे गर्दीच्या तासात चार-पाचशे फेऱ्या, त्याही जाणाऱ्या आणि येणाऱ्या मिळून. सगळं गाव एकाच मिनिटाला किल्ली फिरवत नाही. कुणी सातला निघतं, कुणी दहाला, कुणाची गाडी आठवडाभर हलतच नाही. आमचे दोन हजार तिथेच कोसळले.

अर्थात हे तक्तेही काही आकाशवाणी नव्हेत. त्यांतली बरीचशी मोजणी अमेरिकेतल्या उपनगरांतली, जिथे सुईदोरा आणायचा तरी गाडी काढावी लागते. दाट वस्तीत, बस दारात असताना लोक गाडी कमी काढतात. उलट वस्ती एकटी कुठेतरी टाकलेली असेल तर हाच दर कमी पडू शकतो. थोडक्यात, घर किती गाड्या रस्त्यावर आणणार हे घरावर कमी आणि घराभोवती काय आहे यावर जास्त ठरतं. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आणि दोन आठवडे विसरून गेले.

दुसरी चूक मात्र त्यांची, आणि चांगली मोठी. सारांशात लिहिलं होतं की चौकातली वाहतूक "फक्त ५ टक्के" वाढेल. हा "फक्त" मला झोंबला. एखाद्या खिडकीवर एकच माणूस काम करतोय आणि लोक केव्हाही येताहेत अशी कल्पना करा. त्याचा ९० टक्के वेळ कामात जात असेल, तर रांगेच्या साध्या सूत्राप्रमाणे प्रत्येकाचा सरासरी वेळ प्रत्यक्ष कामाच्या दसपट होतो. ९५ टक्क्यांवर तोच वीसपट. भार जेमतेम पाच-सहा टक्के वाढला, खोळंबा दुप्पट. सिग्नलचं गणित याहून किचकट असतं, पण स्वभाव हाच: रस्ता रिकामा असेल तर शंभर गाड्या वाढल्याचं कळतही नाही, काठोकाठ भरलेला असेल तर वीस गाड्यांनीही सांडतो. म्हणून खरा प्रश्न किती वाढणार हा नाहीच. आत्ता कितीवर आहे?

ते बघायला तीन सकाळी मी चौकातल्या बसथांब्याच्या बाकावर वही आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन बसले. (पहिल्या दिवशी दोघांनी मला बस कधी येणार विचारलं. तिसऱ्या दिवसापर्यंत मला ते सांगता येऊ लागलं होतं.) सिग्नलचं पूर्ण चक्र १२० सेकंदांचं, त्यात आमच्या रस्त्याला हिरवा ३० सेकंद. पुस्तकात म्हणतात की दिवा सतत हिरवा ठेवला तर एका मार्गिकेतून तासाला १,८००च्या आसपास गाड्या जातात, म्हणजे दोन सेकंदांना एक. ३० सेकंदांत पंधरा जायला हव्यात. माझ्या मोजणीत चौदा, कधी तेरा. पहिला ड्रायव्हर मोबाइलमधून डोकं वर काढेपर्यंत एक गाडी वाया जाते, ती धरायची. तासाला तीस चक्रं, म्हणजे जास्तीत जास्त ४२० गाड्या. आणि साडेआठ ते नऊ या वेळात जवळजवळ दर खेपेला शेवटच्या दोन-तीन गाड्या पुढच्या हिरव्याची वाट बघत राहत. चौक भरलेलाच होता. प्रकल्पाची वीटही रचली नव्हती तेव्हा.

बाकावर बसून आणखी एक दिसलं, आणि ते दिसलं नसतं तर बरं झालं असतं. त्या रांगेतल्या निदान चार-पाच गाड्या आमच्याच सोसायटीतल्या. पोरांना शाळेत सोडायला निघालेल्या. शाळा कुठे? मागच्या भिंतीपलीकडे, त्या मोकळ्या जमिनीच्या पल्याडच्या कडेला. मागच्या भिंतीत एक लोखंडी फाटक आहे आणि त्याला कुलूप आहे. मी इथे राहायला आल्यापासून आहे. फाटक उघडं असतं तर शाळा पायी सहा मिनिटांवर. रस्त्याने वळसा घालून बावीस, तेही अर्धं अंतर पदपथ नसताना. मग काय, गाडी. माझ्या मुलाला मी चार वर्षं त्याच वळशाने सोडलं. तेव्हा रोज चौकाला शिव्या घातल्या, त्या फाटकाकडे कधी वळूनही पाहिलं नाही.

हे पोटात घेऊन मी सुनावणीला गेले.

सुनावणी सुनावणीसारखीच झाली. पाणी, धूळ, ड्रेनेज, "आमचा प्रकाश जाणार", सगळं बोलून झालं. गाडी आली रस्ता रुंदीकरणावर. आमच्या बाजूचे म्हणाले, आधी रस्ता रुंद करा, मग घरं बांधा. बिल्डरची माणसं लगेच तयार. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. रुंदीकरणाचा इतिहास काही फार उत्साहवर्धक नाही. अँथनी डाउन्स या अर्थतज्ज्ञाने १९६२ मध्येच मांडलं होतं की शहरातल्या मोठ्या रस्त्यावरची गर्दी वाढवलेल्या क्षमतेपर्यंत पुन्हा फुगते. जी माणसं वेळ बदलून, वाट बदलून किंवा गाडी घरी ठेवून जात होती, ती परत येतात. २०११ मध्ये दुरांतों आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या महानगरांची आकडेवारी तपासली. मोठ्या महामार्गांवरच्या मार्गिकांची एकूण लांबी ज्या प्रमाणात वाढली, जवळपास त्याच प्रमाणात त्यांच्यावर चाललेलं अंतरही वाढलं होतं.

मी हे बोलले. फारसं कुणी ऐकलं नाही, मागे कुणीतरी घड्याळ बघत होतं. मग मी अहवालातली दुसरी गोष्ट काढली, ती थोडी लागली. दहातला एक माणूस बसने जाईल असं गृहीत धरून गाड्या कमी केल्या आहेत, पण ती बस कोण आणि कधी सोडणार हे कुठेच नाही. हिशेबात आम्ही याला येणं दाखवणं म्हणतो, ज्याच्याकडून येणं आहे त्याचं नावच नसतं. पदपथ आणि नवा सिग्नल शेवटच्या टप्प्यात, घरांचा ताबा पहिल्या टप्प्यात. मी म्हटलं, हे उलटं करा, कामं झाल्याशिवाय ताबा नाही असं लेखी घ्या. अधिकाऱ्यांनी टिपून घेतलं.

आणि मग बिल्डरचा अभियंता उठला. तरुण पोरगा, आवाज हळू. म्हणाला, "पहिल्या आराखड्यात आम्ही मागच्या बाजूने तुमच्या गल्लीला जोडरस्ता दिला होता. म्हणजे सगळा भार एकाच गेटवर आला नसता. तुमच्या सोसायटीची हरकत आली, म्हणून काढला."

मला ते माहीत होतं. परिशिष्टातल्या जुन्या नकाशात तो रस्ता तुटक रेषेने होता आणि खाली आमच्या पत्राचा उल्लेख. मी सचिवांना ते सांगितलं नव्हतं. का, ते अजून माझं मला नीट कळलेलं नाही. घोटाळा आपल्याच खात्यात निघाला की हात थांबतो, हे दुसऱ्यांच्या बाबतीत मी पुष्कळदा पाहिलंय.

घरी येताना जिन्यात वरच्या मजल्यावरचे काका भेटले. म्हणाले, "तू त्यांच्या बाजूची की आमच्या? उद्या तो रस्ता जोडला तर मोबाइल बघून अख्खं गाव आपल्या दारातून गाड्या काढेल. पोरं खेळतात इथे." काकांचं चूक नाही. अरुंद गल्लीतून जवळचा रस्ता सापडला की ॲप सगळ्यांनाच तो दाखवतं.

पण गल्ली जोडायची म्हणजे गाड्यांसाठीच जोडायची असं कुणी ठरवलं? नेदरलँड्समधल्या ख्रोनिंगन शहराने १९७७ मध्ये मध्यवस्तीचे चार भाग केले. पायी किंवा सायकलवर एका भागातून दुसऱ्यात थेट जाता येतं, गाडी मात्र बाहेर काढून वळसा घालूनच न्यावी लागते. उत्रेख्तजवळचं हाउटन तर वाढवलंच त्या कल्पनेवर: गाड्यांना बाहेरचा वर्तुळमार्ग, सायकलींना आतून सरळ वाट. आमच्याकडे नेमकं उलटं आहे. गाडीला वळसा सोपा, चालणाऱ्यालाच भिंत. अमेरिकेत १९२९ मध्ये रॅडबर्न ही वसाहत वसली तेव्हा घराच्या एका बाजूला गाड्यांची बंद गल्ली आणि दुसऱ्या बाजूला पायवाट अशी जोडी होती. पुढे बंद गल्लीची नक्कल सगळीकडे झाली, पायवाट बहुतेक ठिकाणी गळून पडली. आमची सोसायटी त्याच वंशातली.

पलीकडे राहायला येणाऱ्यांचंही तेच होणार. त्यांचा बसथांबा आमच्या बाजूला, मी ज्या बाकावर बसले होते तोच. फाटक बंद राहिलं तर तीही बावीस मिनिटांची माणसं. मग तीही गाडी काढतील, आणि आम्ही ग्रुपवर लिहू, बघा, सांगितलं होतं ना.

परवा मी कार्यकारिणीला पत्र दिलं. माझी मूळ हरकत मागे घेतलेली नाही; चौक भरलेला आहे आणि कामं आधी, ताबा नंतर ही मागणी कायम आहे. सोबत एवढंच जोडलं की मागचं फाटक चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी उघडावं, गाडी शिरणार नाही असे खांब रोवून. ग्रुपवर त्यावर एक अंगठा आला, तोही चुकून असावा, कारण पाच मिनिटांनी काढला. कुणीतरी सुरक्षेचा मुद्दा काढला. तो मुद्दा खरा आहे, रात्री फाटक बंद ठेवता येईल, बोलता येईल. कुणी विचारलं, बिल्डरने किती दिले. त्याला उत्तर दिलं नाही.

काल संध्याकाळी मी वॉचमनकडे किल्ली मागितली. एकदा उघडून, पलीकडे जाऊन, शाळेपर्यंतची पावलं खरोखर मोजायची होती. सहा मिनिटं हा माझा नकाशावरचा अंदाज आहे आणि अंदाजावर मी सही करत नाही. त्याने जुडगा काढला, एकेक किल्ली लावून पाहिली. एकही बसली नाही. सचिवांना फोन केला, ते म्हणाले आधीच्या सचिवांकडे असेल. आधीचे सचिव म्हणाले, "ते कुलूप आपलं नाहीच बहुतेक. आम्ही आलो तेव्हापासून आहे."

रविवारी बैठक आहे. विषयपत्रिकेत फाटक सातव्या क्रमांकावर घेतलंय, पार्किंगच्या पट्ट्यांच्या रंगानंतर.