कुत्र्याचा फोटो घरात लावत असतेत का?

दिवाळीला परभणीला गेलो तेव्हा एका चित्राची प्रिंट मारून, फ्रेम बिम करून घेऊन गेलो होतो. आईनं वरचा कागद काढला आणि पहिलं वाक्य हेच, कुत्र्याचा फोटो घरात लावत असतेत का? मी म्हणलं अगं देवघराच्या भिंतीवर चार आहेत की आधीच. तर म्हणे ते दत्ताचे आहेत, ते कुत्रे नाहीत, वेद आहेत.

आता यावर काय बोलणार.

पण नंतर विचार केला तर ती बरोबरच होती. चित्रात कुत्रं येतं ते कुणाच्या तरी मागं मागं येतं. माहूरला जाऊन आलेल्या घरात ती फ्रेम असतेच, तीन शिरं, मागं गाय, पायाशी चार कुत्री. तिकडं युरोपातही तेच, व्हॅन आयक नावाच्या चित्रकाराचं 1434 चं नवरा-बायकोचं चित्र आहे, त्यात दोघांच्या पायाशी एक झिपरं कुत्रं, वेलाझ्केथ या स्पॅनिश चित्रकाराच्या 1656 च्या लास मेनिनास नावाच्या चित्रात सगळा लवाजमा राजकन्येचा आणि कोपऱ्यात एक दांडगं कुत्रं पेंगतंय, एकजण त्याच्या पाठीवर पाय देऊन त्याला उठवायलाय. आमच्या गल्लीत असली पोरं दहा होती.

माझं हे चित्रातल्या कुत्र्यांचं येड मामाच्या घरी सुरू झालं. मामाकडं जुन्या रेकॉर्ड होत्या, लेबलवर तो भोंग्यात डोकावणारा कुत्रा. रेकॉर्ड फिरायला लागली की कुत्रं पण गरागरा फिरायचं आणि मी त्याच्यासोबत मान फिरवायचो, मामी म्हणायची मान मोडल लेकरा. ते मुळात रंगवलेलं चित्र आहे हे मला लई उशिरा कळलं. कुत्र्याचं नाव निपर, तो 1895 ला मेला, आणि फ्रान्सिस बॅरो नावाच्या चित्रकारानं त्याला नंतर रंगवलं. आधी चित्रात त्याच्यापुढं सिलिंडरवाला फोनोग्राफ होता, म्हणजे तबकडीऐवजी नळकांड्यावरचा आवाज वाजवणारं मशीन, ते चित्र विकलं जाईना, मग ग्रामोफोन कंपनीनं सांगितलं आमचं मशीन काढ म्हणजे घेतो, पठ्ठ्यानं त्याच कॅनव्हासवर जुनं मशीन बुजवून पितळी भोंग्याचं काढलं आणि 100 पौंडाला व्यवहार झाला, 50 चित्राचे, 50 कॉपीराइटचे. पुढं त्याच चित्राच्या 24 प्रती त्यानं स्वतः हातानं काढून दिल्या!! एकच कुत्रं 24 वेळा. आमच्याकडं शाळेच्या भिंतीवर नकाशे रंगवणारे पेंटर आहेत त्यांना हे दुःख बरोबर कळल.

पत्ते खेळणारी कुत्री तर तुम्ही बघितलीच असतील, आमच्या सलूनमध्ये होती, आम्ही त्याला तिरट म्हणायचो. ती कूलिज नावाच्या अमेरिकन माणसाची, कॅलेंडर-जाहिरातीसाठी काढलेली. एका चित्रात बुलडॉग टेबलाखालून पायानं दोस्ताला एक्का सरकवतो. दर्दी लोक नाक मुरडायचे, पण 2005 मध्ये त्यातली दोन चित्रं मिळून 5,90,400 डॉलरला गेली.

तर मी आणलेलं चित्र गोया या स्पॅनिश चित्रकाराचं. माद्रिदजवळच्या घरात म्हातारपणी, बहिरा झालेला असताना, त्यानं 1819 ते 1823 च्या मधात भिंतींवरच चित्रं काढली, कुणाला विकायला नाही की दाखवायला नाही. त्यानं नावही दिलं नाही कशाला. नंतर ती भिंतीवरून सोडवून कॅनव्हासवर घेतली, आता प्राडो म्युझियममध्ये आहेत. हे चित्र म्हणजे वरपासून खालपर्यंत मातकट पिवळं, आणि खाली एका उतारामागून कुत्र्याचं नुसतं मुंडकं, वर बघत असलेलं. मालक नाही, देव नाही, भोंगा नाही. मी तरी असं दुसरं बघितलेलं नाही. फ्रेमवाला पण म्हणला भाऊ प्रिंट अर्धीच आली का काय, खालचं कुत्रं कटलंय.

आईनं चष्मा लावून परत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणली, "विहिरीत पडलंय का रे ते? वर कुणीच नाही का?"

मी म्हणलं नाही.

देवघराच्या भिंतीला तिनं खिळा मारू दिला नाही ते नाहीच. सध्या ते स्वयंपाकघराच्या दारापाशी आहे, स्विचबोर्डच्या वर, आणि परवा फोनवर म्हणत होती की पोळ्या करताना ते इकडंच बघतंय असं वाटतं.