तुम्ही विचारलंत म्हणून : दुसरा भाग वाचू का?

दर शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे सात-आठ मुलं वाचायला येतात. नोकरीत असताना मी अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवायचे. निवृत्त झाले तरी ही बैठक सुटली नाही. ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ आम्ही एक वर्षाआड पुन्हा घेतो. पुस्तक संपलं की आठवडाभर मुलं त्यातच असतात, आणि मग जिन्यात चपला घालता घालता कुणीतरी विचारतंच, “मॅडम, याचा दुसरा भाग आहे म्हणे. वाचू का?”

मुलं म्हणतात, हा प्रश्न आला की माझा चेहरा उतरतो. यंदा सोलापूरच्या पूर्व भागातल्या, म्हणजे विणकरांच्या वस्तीतल्या, एका मुलीनं त्याच्या पुढचंही विचारलं. “तुम्हाला एवढं का लागलंय ते? ॲटिकस वाईट निघाला म्हणून?” जिन्यात उभ्या उभ्या मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून लिहायला बसले.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हार्पर ली यांची ही कादंबरी १९६० साली आली, पुढच्या वर्षी तिला पुलित्झर हा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार मिळाला. अमेरिकेच्या दक्षिणेतलं अलाबामा राज्य, त्यातलं मेकोम नावाचं कल्पित गाव, १९३० नंतरची मंदीची वर्षं. स्काउट ही लहान मुलगी, तिचा भाऊ जेम आणि त्यांचे वडील ॲटिकस फिंच, पेशानं वकील. टॉम रॉबिन्सन या काळ्या माणसावर एका गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा खोटा आळ येतो. ॲटिकस त्याचं वकीलपत्र घेतो आणि उलटतपासणीत तो आळ उघडा पाडतो. तरीही ज्युरी टॉमला दोषी ठरवते. ॲटिकस एकटा कोर्टाबाहेर निघतो तेव्हा वरच्या, काळ्यांसाठी राखलेल्या सज्जातली सगळी माणसं उठून उभी राहतात. मुलं त्यांच्यातच बसलेली असतात. म्हातारे पाद्री स्काउटला म्हणतात, ऊठ बाळ, तुझे वडील चाललेत.

हे पान वर्गात मोठ्यानं वाचताना माझा आवाज एकदाही शेवटपर्यंत टिकला नाही.

त्याला कारण माझे मोठे काका. ते इथल्या जिल्हा कोर्टात फौजदारी वकिली करायचे. शाळेला सुट्टी असली की त्यांचा डबा पोचवायचं काम माझ्याकडे असे. डबा द्यायचा आणि लगेच घरी यायचं असा हुकूम होता, पण मी व्हरांड्यात रेंगाळायचे. सोलापूरकरांना ‘सेटलमेंट’ म्हटलं की कुठली वस्ती ते सांगावं लागत नाही, बाहेरच्यांना सांगते. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या आणि त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही. अशी एक मोठी वसाहत सोलापुरात होती. देश स्वतंत्र झाल्यावरही पाच वर्षं तो कायदा उठला नव्हता. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या जमाती मुक्त झाल्या. कुंपण गेलं, वस्तीचं नाव मात्र राहिलं, आणि गावात कुठे घरफोडी झाली की पोलिसांची गाडी आधी तिकडेच वळायची.

तिथल्या एका तरुणाची केस काकांनी फी न घेता लढवली. मी नववीत होते. पंचनाम्यातल्या वेळा आणि फिर्यादीतल्या वेळा जुळत नव्हत्या. काकांनी पंचाला अगदी हळू आवाजात एकेक प्रश्न विचारत तिथवर आणलं. तो तरुण सुटला. पुढे कित्येक वर्षं त्याची आई सुगीला पिशवीभर शेंगा घेऊन यायची आणि ओट्यावर ठेवून जायची. त्या केसनंतर वर्षभरानं काकांनी मला मॉकिंगबर्ड दिलं, त्यांची स्वतःची, कडा पिवळ्या पडलेली प्रत. त्यात कनिंगहॅम नावाचा गरीब शेतकरी ॲटिकसची फी आक्रोडासारख्या फळांची गोणी मागच्या दारी ठेवून चुकती करतो. ते वाचलं आणि माझ्यासाठी ॲटिकसचा चेहरा ठरून गेला. पुढे सिनेमात ग्रेगरी पेकला पाहिलं. फार चांगलं काम आहे, ऑस्कर मिळालं ते योग्यच. पण माझ्या ॲटिकसच्या खिशात शेंगांची टरफलं असायची.

आता दुसरा भाग. ‘गो सेट अ वॉचमन’ १४ जुलै २०१५ ला आलं. पहिल्या पुस्तकानंतर पंचावन्न वर्षांनी. लेखिका तेव्हा एकोणनव्वद वर्षांच्या होत्या. मधल्या काळात त्यांनी एकही कादंबरी छापली नव्हती. मी आधीच पैसे भरून ठेवले होते. पुस्तक आलं त्या रात्री स्वयंपाकाला सुट्टी देऊन, चहा आणि कडक भाकरी घेऊन बसले.

पहिल्याच प्रकरणात, ओघात आलेल्या एका वाक्यात कळतं की जेम वारला. चालता चालता कोसळला आणि गेला. ज्या मुलाचा हात मोडल्याच्या आठवणीनं पहिलं पुस्तक सुरू होतं, त्याला एवढंच. बू रॅडली, पहिल्या पुस्तकातला तो घराबाहेर न पडणारा शेजारी, कुठेच नाही. स्काउट आता सव्वीस वर्षांची जीन लुईस आहे, न्यूयॉर्कहून सुट्टीला घरी आली आहे, आणि गोष्ट ती स्वतः सांगत नाही. पहिल्या पुस्तकातला तो ‘मी’ गेला. लहान मुलीला दिसतं ते आणि मोठेपणी तिला उमगतं ते, दोन्ही एका वाक्यात मावायचं. इथे लेखिका बाहेरून सांगते, जीन लुईसला राग आला, जीन लुईसला धक्का बसला. टॉमच्या खटल्याचा उल्लेख जेमतेम परिच्छेदभर आहे, आणि त्यात आरोपी निर्दोष सुटलेला आहे! तिथे मी पुस्तक मिटून काही वेळ तशीच बसले. कारण मग सज्जातली माणसं उभी कशासाठी राहिली होती?

हे असं का, ते तेव्हाच वर्तमानपत्रांतून आलं होतं. वॉचमन हे मुळात दुसरं पुस्तक नव्हेच. ते आधीचं. ली यांनी ते हस्तलिखित १९५७ साली प्रकाशकाला दिलं. टे होहॉफ या संपादक बाईंनी त्यातल्या लहानपणीच्या आठवणींत जीव आहे हे ओळखलं आणि गोष्ट त्या मुलीच्या नजरेतून सांगायला लावली. पुढची दोन-अडीच वर्षं ली यांनी पुन्हा पुन्हा लिहून काढलं, आणि त्यातून मॉकिंगबर्ड झालं. गावाचं वर्णन, अलेक्झांड्रा आत्याचं वर्णन असे काही उतारे दोन्ही पुस्तकांत जवळजवळ शब्दशः सारखे सापडतात ते त्यामुळेच.

माझी पहिली तक्रार इथे आहे, आणि ती लेखिकेबद्दल नाही. खर्डा म्हणून द्या, मी डोक्यावर घेईन. एका मोठ्या पुस्तकाचा पहिला प्रयत्न कसा होता हे बघायला मिळणं ही केवढी गोष्ट आहे. पण तो आमच्यासमोर त्याच माणसांची वीस वर्षांनंतरची गोष्ट म्हणून आला, आणि आम्ही ती तशीच वाचली. वाचणाऱ्यानं जेमचं मरण खरं धरायचं की नाही?

हे सांगितल्यावर ती पूर्व भागातली मुलगी म्हणाली, “पण मॅडम, आपल्या चादरीसारखं नाही का? एका बाजूनं लाल जमिनीवर पांढरी नक्षी, उलटली की पांढऱ्यावर लाल. दोन्ही बाजू खऱ्याच.” तिच्या घरी लूम आहेत, तिला कळतं त्यातलं. मला ते आवडलंही. पण दोन दिवस विचार करून मी तिला म्हटलं, चादरीच्या दोन्ही बाजू एकाच वेळी, एकाच मागावर विणल्या जातात. हे तसं नाही. हा आधी काढलेला नमुना आहे. जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी ठरवणारी, पंचकार्डं नंतर बदलली, नक्षी बदलली, आणि मग चादर विणली गेली. नमुना जपून ठेवावा. तो चादरीची मागची बाजू म्हणून पांघरायला देऊ नये.

आता तिचा खरा प्रश्न. ॲटिकस वाईट निघाला म्हणून?

वॉचमनमध्ये जीन लुईसला वडिलांच्या वाचायच्या कागदांत काळ्यांविरुद्धचं एक गलिच्छ पत्रक सापडतं. ती कोर्टात जाते, लहानपणी बसायची त्याच सज्जात चढते, आणि खाली तिला दिसतं की वंशभेद टिकवायला निघालेल्या गोऱ्यांच्या सभेत तिचे वडील टेबलाशी बसलेत, एक माणूस तोंडाला येईल ते बरळतोय आणि ते त्याला थांबवत नाहीत. ती बाहेर पडते. जिथे त्यांचं जुनं घर होतं तिथे आता आइस्क्रीमचं दुकान आहे. तिथे तिला उलटी होते.

जगभर लोक यावरच चिडले. मी नाही चिडले. मला हे आधीच माहीत होतं.

१९९८ साल असेल. काकांच्या सोसायटीत वरच्या मजल्यावरची एक जागा भाड्यानं द्यायची होती. घ्यायला आलेले गृहस्थ शाळेत शिक्षक होते, बायको नर्स, दोन लहान मुलं. ते सेटलमेंटमध्ये वाढलेले. सभासदांनी एक अर्ज केला की ही जागा त्यांना देऊ नये. त्यावर सह्या होत्या, आणि तिसरी सही काकांची होती. मी विचारलं तेव्हा ते चिडले नाहीत. कोर्टात बोलायचे तसंच शांतपणे म्हणाले, “न्याय मिळालाच पाहिजे त्यांना. त्यासाठी मी आयुष्य घातलंय. शेजार ही वेगळी गोष्ट आहे.” ओट्यावर शेंगा ठेवून जाणारी ती म्हातारी मला आठवत होती. आत ती कधी आलीच नव्हती, आणि तिला आत बोलवावं असं आमच्यापैकी कुणालाही कधी सुचलं नव्हतं. मलाही नाही.

त्यामुळे कोर्टात कायद्यापुढे सगळे समान मानणारा, पण आपल्या शाळेत, आपल्या गल्लीत ‘ते’ नकोत म्हणणारा ॲटिकस मला परका वाटला नाही. त्या पानांवर माझा श्वास अडकला. वाटलं, हे पुस्तक आता मला काहीतरी सांगणार आहे. ज्यानं आपल्याला बरं-वाईट ओळखायला शिकवलं, त्याच्यासमोर उभं राहून त्याच्याशी काय बोलायचं, हे मला सतरा वर्षं कळलं नव्हतं.

आणि तिथेच पुस्तक हात काढून घेतं. जीन लुईस वडिलांशी भांडते, ते भांडण म्हणजे नुसती भाषणं. राज्यांचे अधिकार, घटनादुरुस्ती, सुप्रीम कोर्टाचा निकाल. मग ॲटिकसचा भाऊ, जॅककाका, येतो, तिच्या थोबाडीत मारतो आणि पानंच्या पानं समजावतो की तू बापाला देव मानत होतीस, आता तो माणूस झाला, म्हणजे तू मोठी झालीस. ती निवळते, वडिलांना गाडीतून घरी नेते. संपलं. ॲटिकसचं काहीच हललं नाही. सगळं शहाणपण मुलीनंच शिकायचं. मला या शेवटाचा राग आहे, आणि तो अजून उतरलेला नाही. देव मोडणं ठीक आहे. पण ज्यांच्या जिवावर तो मोडला, त्या माणसांचं काय, हे शेवटच्या पानांवर कुणी विचारत नाही.

खरं तर मध्ये एकदा विचारलं जातं, आणि ते प्रकरण मी मुलांना मुद्दाम वाचून दाखवते. कॅल्पर्निया, जिनं स्काउटला आईच्या मायेनं वाढवलं ती स्वयंपाकीण, आता म्हातारी होऊन आपल्या घरी असते. तिच्या नातवाच्या गाडीखाली एक गोरा माणूस मेलेला आहे. जीन लुईस भेटायला जाते. कॅल्पर्निया तिच्याशी परक्या गोऱ्या बाईशी बोलावं तशी अदबीनं बोलते. चेहऱ्यावर काही नाही. जीन लुईस रडकुंडीला येऊन विचारते, तू आमचा द्वेष करत होतीस का? म्हातारी बराच वेळ गप्प बसते, मग नकारार्थी मान हलवते. एवढंच. या पाच-सहा पानांत मॉकिंगबर्डची लेखिका पूर्ण हजर आहे. एखाददुसऱ्या ठिकाणी तर मला वाटलं, पहिल्या पुस्तकातही एवढी हिंमत नव्हती. तिथे कॅल्पर्नियाच्या मनात काय आहे हे कुणी तिला विचारतच नाही. म्हणूनच जास्त वाईट वाटतं. वाट सापडली होती, आणि ती सोडून गोष्ट जॅककाकाच्या दिवाणखान्याकडे वळली.

तर वाचा. पण पहिलं संपल्या संपल्या नको. वर्षभर थांबा, आणि पुढचा भाग म्हणून उघडू नका.

एक राहिलं. २०१५च्या त्या पावसाळ्यात काका अंथरुणावर होते. पंच्याऐंशी वर्षांचे. नजर गेली होती, पण कुणाकडून तरी वर्तमानपत्र वाचून घ्यायचे. मी गेले तर म्हणाले, “काय गं, दुसरा भाग आला म्हणे. ॲटिकसचं काय झालं?” पुस्तक माझ्या पिशवीत होतं, त्यांच्याजवळ बसून वाचायचं म्हणूनच नेलं होतं. मी म्हटलं, “नाही जमलंय तेवढं, काका. राहू द्या.”

“मग तुरुंगाचं वाच,” ते म्हणाले. ॲटिकस रात्री तुरुंगाच्या दारात खुर्ची टाकून, लांब वायरला लावलेल्या दिव्याखाली वाचत बसतो आणि टॉमला मारायला जमाव येतो, ते प्रकरण. त्यांची जुनी प्रत कपाटात होती. मी वाचत गेले. स्काउट गर्दीतल्या कनिंगहॅमला ओळखून त्याच्या मुलाची चौकशी करते तिथे आले, तेव्हा काका डोळे मिटून ऐकत होते. पिशवी माझ्या पायाशीच होती.