जांभळा कोबी आणि बीट, एकाच तासाला

वनस्पतींतल्या रसायनांशी आपल्या शाळेतल्या कित्येक तुकड्यांची पहिली ओळख झाली ती प्रयोगशाळेतल्या कोबीच्या रसातून. शाळेच्या आठवणी या अंकात बरेच जण लिहितील. मी तो पाठच लिहून ठेवतो. आज तो घेणाऱ्या शिक्षकांच्या हाती असावा, असं मनापासून वाटतं.

100 ग्रॅम जांभळा कोबी बारीक चिरून त्यावर 300 मिली उकळतं पाणी ओतावं, 10 मिनिटं झाकून ठेवावं आणि गाळावं. भांडं काचेचं किंवा स्टीलचं घ्यावं. लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचं नको, कारण धातूचे आयन कोबीतल्या अँथोसायनिन या रंगद्रव्याला चिकटतात आणि रंग आधीच बिघडतो. रस गडद राहिला तर सगळ्या परीक्षानळ्या सारख्याच दिसतात. नळीमागची छापील अक्षरं वाचता येतील इतका तो पातळ करावा, तोही शक्यतो ऊर्ध्वपातित पाण्याने. मग 5-5 मिली रसात थेंब थेंब लिंबू, व्हिनेगर, खाण्याच्या सोड्याचं पाणी. आम्लात रंग लालसर होतो, सोड्यात निळा ते हिरवट. एक नळी तशीच ठेवावी, नाहीतर तुलना कशाशी करणार?

बहुतेक ठिकाणी तास इथेच संपतो. माझ्या मते खरा पाठ इथून सुरू होतो. तेच थेंब बिटाच्या रसात घालावेत, पण आधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहावा. जवळजवळ सगळे लिहितात, ‘रंग बदलेल.’ लिंबाने बिटाचा लाल रंग हलत नाही, खाण्याच्या सोड्यानेही फारसा नाही. कारण तो अँथोसायनिनचा नाहीच. तो बीटालेन या वेगळ्या रंगद्रव्याचा, ज्याच्या रेणूत नायट्रोजन असतो. रंगद्रव्यांची ही दोन्ही कुळं निसर्गात एकाच वनस्पतीत एकत्र सापडत नाहीत. बिटाला सामूपेक्षा (म्हणजे आम्ल-अल्कतेपेक्षा) आच जास्त बाधते: रस बराच वेळ उकळला की लाली उतरून तो पिवळट-तपकिरी होतो. ‘लाल म्हणजे अँथोसायनिन’ हे पाठांतर डोळ्यांदेखत मोडतं आणि मुलं स्वतःहून प्रश्न विचारू लागतात.

चिरलेलं सफरचंद काळं पडण्याचा प्रयोग सगळे करतात, पण लिंबू लावून मोकळे होतात. लिंबात आम्ल आणि क जीवनसत्त्व दोन्ही असतात. काळं पडणं नक्की कोणी थांबवलं? म्हणून एका फोडीला व्हिनेगर, दुसरीला क जीवनसत्त्वाच्या गोळीचं पाणी लावावं, तिसरी उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवावी, चौथी उघडी ठेवावी. जाड फोड उकळली तर आतलं विकर (फोड काळी पाडणारं एन्झाइम) शाबूत राहतं. ती मधोमध कापली की गाभा थोड्या वेळाने तपकिरी होतो. हा फसलेला प्रयोग टाकून देऊ नये, उष्णतेने विकर निकामी होतं हे त्याच्याइतकं स्पष्ट दुसरं काही दाखवत नाही.

आणि ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ ही समजूत त्याच तासाला खोडावी. हिरव्या पडलेल्या बटाट्यात सोलॅनिन हे विष वाढलेलं असू शकतं, आणि ते शिजवून नीटसं जात नाही. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन मात्र उकळून जातं: दाणे किमान 5 तास भिजवावेत, ते पाणी फेकून नव्या पाण्यात किमान 10 मिनिटं खळखळून उकळावेत. मंद आचेवर अर्धवट शिजलेला राजमा पोट बिघडवतो. प्रयोगशाळेतलं काहीही चाखायचं नाही, हे फळ्यावर तास सुरू होण्याआधी लिहिलेलं असावं.