गोवर मोहिमेत सुटलेली मुलं कशी शोधतात: माझा अनुभव

गोवर-रुबेला लसीकरण मोहिमेत एखाद्या तालुक्याची लसीकरणाची टक्केवारी 100 च्या वर गेली की मी आधी भागाकार तपासते. खालचा आकडा, म्हणजे लक्ष्यसंख्या, बऱ्याचदा 2011 च्या जनगणनेला वाढीचा दर लावून काढलेला असतो. त्यानंतर उभी राहिलेली वस्ती त्यात नीट धरलेली नसते. वरच्या आकड्यात शेजारच्या तालुक्यातून आलेली आणि वयात न बसणारी मुलंही मोजली जातात. कुठे कुठे टॅली शीटऐवजी (प्रत्येक मुलामागे एक खूण करायचा कागद) वापरलेल्या कुप्यांवरून डोस मोजलेले आढळतात. एमआरची, म्हणजे गोवर-रुबेला लसीची, कुपी साधारण 10 डोसची असते आणि द्रावण तयार केल्यावर चार तासांत टाकून द्यावी लागते. सहा मुलांसाठी फोडलेली कुपी कागदावर दहा मुलं दाखवते.

म्हणून मोहीम संपल्यावर दोन-तीन महिन्यांच्या आत घरोघरी सर्वेक्षण करावं लागतं. नमुन्याचा हिशेब असा: अंदाजे 90 टक्के लसीकरण धरलं आणि अधिक-उणे 5 टक्क्यांची अचूकता हवी असली, तर साधारण 138 मुलं लागतात. पण एका गल्लीतली मुलं एकमेकांसारखी असतात. आशाताई त्या गल्लीत पोचल्या तर बहुतेकांना लस मिळते, नाही पोचल्या तर बहुतेक राहतात. त्यासाठी आकडा दुप्पट करायचा, 277. दहा टक्के घरं सापडणार नाहीत असं धरून तो 308 पर्यंत जातो. प्रत्येक ठिकाणी, म्हणजे गावात किंवा वस्तीत, 10 मुलं घेतली तर 31 ठिकाणं. तेवढीच मुलं 15 ठिकाणी गोळा केली तर प्रवासखर्च वाचतो, पण अचूकता घसरते. पैसे कमी असले तरी ठिकाणं कमी करू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

निवडलेल्या ठिकाणी आधी सगळ्या घरांची यादी करायची, मागच्या पत्र्याच्या खोल्या आणि बांधकामावरच्या झोपड्यांसकट. मग त्या यादीतून चिठ्ठ्या टाकून घरं निवडायची. निवड सर्वेक्षकावर सोडली की तो रस्त्यालगतची, दार उघडं असलेली घरं घेतो. बंद घराच्या बदली शेजारचं घर घेणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. आईबाप दोघंही कामावर जातात अशीच घरं बंद असतात, आणि त्यांचीच मुलं सुटण्याची शक्यता जास्त असते. संध्याकाळी किंवा रविवारी पुन्हा जायचं. तरीही भेट झाली नाही तर ‘घर बंद’ लिहायचं.

दारात विचारायचे प्रश्न सोपे वाटतात, पण गफलत तिथेच होते. मूल पात्र होतं का, हे मोहिमेच्या तारखेला किती वय होतं यावरून ठरतं, आजच्या वयावरून नाही. आज अकरा महिन्यांचं बाळ तेव्हा आठ महिन्यांचं असेल तर ते मोजायचं नाही, कारण ही लस नऊ महिने पूर्ण झाल्यावरच देतात. ‘डोस दिला का?’ असं विचारलं की आई पोलिओचे थेंब आठवून हो म्हणते. म्हणून ‘उजव्या दंडावर सुई दिली का, कुठे, अंगणवाडीत की शाळेत?’ असं विचारायचं. पेंटाव्हॅलंट ही बाळांची पाच रोगांवरची लस मांडीत देतात, त्यामुळे सुईची जागा विचारली की निम्मा गोंधळ मिटतो. शाळेत लस दिलेल्या मुलाबद्दल आईपेक्षा मुलालाच विचारावं. अंगठ्यावरची शाईची खूण मोहीम चालू असतानाच उपयोगाची, दोन महिन्यांनी ती पुसलेली असते. कार्ड दाखवलं की सांगोवांगी, हे वेगळ्या रकान्यात लिहायचं.

यापुढचा प्रश्न माझ्या लेखी सगळ्यांत मोलाचा: मोहिमेआधी या मुलाला गोवराची लस कधी मिळाली होती का? समजा 200 मुलांपैकी 180 जणांना मोहिमेत लस मिळाली. 90 टक्के, अहवालात छान दिसतात. पण त्या 200 पैकी 170 जणांना आधीच डोस मिळालेला होता आणि 30 जणांना एकही नव्हता. सुटलेल्या 20 पैकी 15 या तिसातलेच निघाले, तर ज्यांना मोहिमेची सर्वांत जास्त गरज होती त्यांच्यापैकी निम्म्यांपर्यंतच ती पोचली. नवव्या महिन्यातला एकच डोस साधारण 85 टक्के मुलांना संरक्षण देतो. म्हणजे 95 टक्के मुलांना एकेक डोस दिला तरी सुरक्षित 81 च्या आसपास. गोवर रोखायला सुमारे 95 टक्के मुलं खरोखर सुरक्षित लागतात, म्हणून दुसरा डोसही तितकाच गरजेचा.

महाराष्ट्रात 2018 ची मोहीम नोव्हेंबरअखेर सुरू झाली, म्हणजे ऐन ऊसतोडीत. बीडकडच्या गावात घराला कुलूप, आणि मूल सांगली-कोल्हापूरकडे ऊसतोडीच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. अशा मुलाचं नाव गावच्या यादीत ‘स्थलांतरित’ म्हणून गळतं आणि कारखान्याच्या गावात त्याची नोंदच नसते. गावांतून काढलेला नमुना कितीही काटेकोर असला तरी त्याला हे मूल दिसत नाही. कोप्या, वीटभट्ट्या आणि पुलाखालची पालं यांची यादी वेगळी करून तिथला निकाल वेगळा द्यावा लागतो.

मोहीम चालू असताना घरोघरी 20 मुलं पाहण्याची झटपट तपासणी होते, ती या सर्वेक्षणाची जागा घेऊ शकत नाही. तिच्यात मुद्दाम शंका असलेल्या वस्त्या निवडतात, त्यामुळे त्यातून तालुक्याची टक्केवारी काढणं चूक. दोन-तीन मुलं सुटलेली दिसली की त्याच वस्तीत पथक पुन्हा पाठवायचं, एवढंच तिचं काम, आणि ते फार उपयोगी आहे.

मूल का राहिलं, हे पर्याय वाचून न दाखवता विचारावं आणि उत्तर आईच्या शब्दांत लिहावं. ‘कळलंच नाही’, ‘ताप होता म्हणून परत पाठवलं’, ‘शाळेच्या कागदावर सही राहिली’ आणि ‘नको म्हणालो’ ही चार वेगळी कारणं आहेत. सगळ्यांना ‘नकार’ लिहिलं की पुढच्या वेळी समजूत काढणारी माणसं पाठवली जातात, आणि गरज असते ती फक्त आदल्या दिवशी निरोप देण्याची. सुटलेल्या मुलांची नावं पालकांच्या संमतीने त्याच आठवड्यात एएनएम ताईंकडे (आरोग्यसेविकेकडे) द्यावीत, अहवाल छापून येईपर्यंत थांबू नये.