पाझर तलावावर शिडाच्या बोटींची शर्यत

आमच्या बालाघाटच्या पट्ट्यात वाऱ्याला तोटा नाही. उगाच का पाटोद्यापासून वाशी-भूमपर्यंत पवनचक्क्या उभ्या राहिल्या! पण आषाढात वारा पिसाटतो तेव्हा तलावात नुसता गाळ, आणि दसऱ्याला तलाव भरलेला तर वारा पडलेला. रिमोटवरच्या शिडाच्या बोटी खेळायच्या तर या दोघांची गाठ पडेल तो दिवस धरावा लागतो. आमचा हंगाम दसरा ते संक्रांत. तोही ऊन चढून वाऱ्याला जीव आल्यावर.

अंबाजोगाईकडच्या या बोटी खेळणाऱ्या मंडळींत मी शिरलो तेव्हा पहिला प्रश्न बोट कोणती, हा होता. जगभर एक मीटरवाल्या बोटींचा वर्ग जोरात आहे. लांबी 1 मीटर, वजन किमान 4 किलो आणि खालचा कणा पाण्यात 42 सेंटिमीटरपर्यंत जाणारा. आमच्या काठाला तो सरळ चिखलात रुततो. म्हणून सगळ्यांनी 65 सेंटिमीटरच्या, कमी खोल बोटी धरल्या. मोटर नाही. रिमोटला कामं दोनच: सुकाणू वळवणं आणि शिडाची दोरी सैल किंवा ताठ करणं. कण्याच्या टोकाला शिशाचं वजन असतं, त्याच्या जोरावर बोट कलंडूनही उभी राहते.

तलाव मच्छीमार सोसायटीच्या ठेक्यात. परवानगी मागायला गेलो तर चेअरमन आधी बोटीकडे आणि मग आमच्या वयाकडे बघत राहिले.

"शर्यत म्हणजे पैशाची का?"

"नाही मामा, पैज-बिज काही नाही."

"मग कशाला लावायलात?"

याला उत्तर नव्हतं. अट एकच पडली: जाळं लावलेल्या अंगाला फिरकायचं नाही, आणि अडकलीच तर जाळं कापायचं नाही. त्यांचा माणूस थर्माकोलच्या तराफ्यावरून येऊन सोडवून देईल.

पहिले काही रविवार शर्यत बाजूलाच, बोट काठाला आणणं हेच शिक्षण. ती लांब जात असते तोवर सोपं. तोंड आपल्याकडे फिरलं की तिचं डावं ते आपलं उजवं, आणि बोट बेशरमाच्या झुडपात. आमच्यातल्या मोटार रिवाइंडिंगवाल्या भाऊंनी युक्ती दिली, आपणच बोटीच्या तोंडाच्या दिशेने अंग वळवायचं. लोक हसतात, पण जमतं. दुसरी सवय पाण्याकडे बघण्याची. झुळूक येते तिथे पाणी काळपट, खरबरीत दिसतं. तो डाग गाठायचा. वाऱ्याच्या थेट तोंडावर बोट जातच नाही. साधारण 45 अंशांत तिरकी, एकदा इकडे एकदा तिकडे, अशी चढवावी लागते. नेमकी तोंडावर आली की शीड फडफडतं आणि बोट जागीच थबकते.

शर्यतीत मजा आणि भांडण, दोन्ही नियमांची. मोबाईलवर उलटी मोजणी लावतात, शेवटचे दहा सेकंद एकेक करून ऐकू येतात. रेषा आधी ओलांडली तर मागे येऊन पुन्हा निघायचं. वारा उजव्या अंगाने घेणारी बोट मोठी. डाव्या अंगाने घेणारीने वाट द्यायची. म्हणून काठावर समोरच्या बोटीचा नंबर पुकारून "स्टारबोर्ड, स्टारबोर्ड!" (म्हणजे वारा माझ्या उजव्या अंगाला) अशी बोंब. दोघींना वारा एकाच अंगाने असेल तर वाऱ्याकडची बाजूला सरते. चूक झाली तर जागीच एक पूर्ण गिरकी. मला ही शिक्षा फार आवडते. पंच, तक्रार काही नाही, गोल फिरा आणि चालू पडा.

सगळा घोळ मात्र वळसा घालायच्या खुणेपाशी. आमची खूण म्हणजे दगड बांधलेला तेलाचा कॅन. रिमोटच्या बोटींच्या नियमात खुणेभोवती चार बोटींइतकं अंतर राखीव असतं, त्यात शिरताना आतल्या बाजूला असलेल्या बोटीला वळायला जागा द्यावी लागते. आमच्या हिशेबाने 2.6 मीटर. पण काठावर उभं राहून पाण्यातले 2.6 मीटर कोण सांगणार? परवा मी पहिल्यांदाच पुढच्या तिघांत होतो. दुसऱ्या कॅनला मी आत होतो की मास्तर आत होते, यावर चहा निवेपर्यंत वाद चालला. मास्तरांनी गिरकी घेतली नाही, मीही माझं म्हणणं सोडलेलं नाही. आता कॅनला दोरी बांधून तिच्यावर 2.6 मीटरला लाल गोळा अडकवायचा विचार आहे. मास्तर म्हणतात, तो कण्याला अडकेल. बहुतेक अडकेलच.