तुम्ही विचारलंत म्हणून : सगळं शिक्षण इंग्रजीत, मग इंग्रजीची परीक्षा कशाला?

‘बारावीपर्यंत कॉन्व्हेंट, नंतर इंजिनिअरिंगची चार वर्षंही इंग्रजीत. मग एमएसला अर्ज करताना पुन्हा इंग्रजीची परीक्षा कशाला? आणि द्यायचीच तर आयईएलटीएस की टोफेल?’ नागपुरात मूल बाहेर शिकायला पाठवायचं ठरलेल्या घरांतून हा प्रश्न हमखास येतो. बहुतेक वेळा आईवडील विचारतात, कारण पंधरा-वीस हजारांचा खर्च त्यांच्याच खिशातून जायचा असतो.

परीक्षा द्यावीच लागेल असं नाही. काही विद्यापीठं ‘मीडियम ऑफ इन्स्ट्रक्शन’चं पत्र चालवून घेतात. ते कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या किंवा रजिस्ट्रारच्या सही-शिक्क्यानिशी घ्यावं. त्यात पासपोर्टवरचं नाव, पदवी, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत, आणि शिकवणं व परीक्षा दोन्ही इंग्रजीत झाल्याचं स्पष्ट वाक्य हवं. क्लार्ककडच्या ठरावीक नमुन्यात परीक्षेचा उल्लेख बरेचदा नसतो, तारखाही नसतात, आणि पत्र परत येतं. पण पत्र बिनचूक असलं तरी खरी अडचण वेगळीच. अनेक विद्यापीठं सूट देतात ती देशांच्या यादीवरून. यादीत अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड असे देश असतात आणि भारत बहुधा नसतो. तिथे पदवी व्हीएनआयटीची असो की राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची, परीक्षा चुकत नाही.

आता कोणती द्यायची. मित्राने जी दिली ती आपण द्यायची, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. मला ती उलटी वाटते. आधी विद्यापीठांची यादी करा आणि प्रत्येकाचं पान उघडा. ग्रॅज्युएट स्कूलचं पान वेगळं, विभागाचं वेगळं; विभागाची अट अनेकदा वरची असते. चार गोष्टी कागदावर उतरवा: कोणत्या परीक्षा चालतात, एकूण किती गुण हवेत, प्रत्येक भागात किमान किती, आणि टीचिंग असिस्टंटशिप (विद्यापीठातच शिकवण्याचं अर्धवेळ काम) हवी असेल तर स्पीकिंगमध्ये किती. शेवटच्या दोन रकान्यांकडे कुणी पाहत नाही आणि घोटाळा तिथेच होतो. आयईएलटीएसच्या ९ पैकी ‘एकूण ७, कुठल्याही भागात ६.५च्या खाली नको’ ही अट नेहमीची आहे. रायटिंगमध्ये ६ आणि एकूण ७.५ आले तर घरी पेढे वाटले जातात आणि अर्ज मात्र बाजूला पडतो. असिस्टंटशिपवर फी माफी आणि महिन्याचा पगार अवलंबून असतो, म्हणून तिची स्पीकिंगची अट प्रवेशाच्या अटीहून चढी ठेवतात. पेनसिल्व्हेनियात तर वर्गात शिकवणाऱ्यांच्या इंग्रजीबद्दल १९९० पासून कायदाच आहे.

आयईएलटीएसच्या गुणांना बँड म्हणतात. एकूण बँड म्हणजे लिसनिंग, रीडिंग, रायटिंग आणि स्पीकिंग या चार भागांची सरासरी, जवळच्या अर्ध्या बँडपर्यंत नेलेली. सरासरी ६.२५ आली तर ६.५ मिळतात, ६.७५ आली तर ७. पण ६.५, ६.५, ५.५ आणि ६ यांची सरासरी ६.१२५ होते, म्हणजे हातात ६च. एका भागात अर्धा बँड वाढला असता तर निकाल ६.५ झाला असता. कुठल्या भागावर मेहनत करायची, हे या हिशेबावरून ठरवावं.

दोन्ही परीक्षांचा निकाल दोन वर्षं चालतो. मुख्य फरक बोलण्यात. आयईएलटीएसला समोर परीक्षक असतो, प्रत्यक्ष किंवा केंद्रातच व्हिडिओवर, आणि ११ ते १४ मिनिटं गप्पांसारखं चालतं. टोफेलला मायक्रोफोनशी बोलायचं, आणि शेजारच्या टेबलांवर बाकीचे उमेदवारही त्याच वेळी बोलत असतात. माणसासमोर घाबरणाऱ्यांना टोफेल बरी, गोंगाटात विचार तुटणाऱ्यांना आयईएलटीएस. टोफेलचं रूप जानेवारी २०२६ पासून बरंच बदललं आहे: रीडिंग-लिसनिंग उत्तरांप्रमाणे सोपं-अवघड होत जातं, गुण १ ते ६ या पट्टीवर मिळतात, आणि जुनी १२०ची पट्टी काही काळ सोबत दाखवतात. त्यामुळे सीताबर्डीच्या बाजारात स्वस्तात मिळणारी टोफेलची जुनी पुस्तकं आता घेऊ नका. पीटीई ही आणखी एक परीक्षा, ती मुख्यतः मशीन तपासतं. ड्युओलिंगोची परीक्षा घरी बसून देता येते आणि स्वस्तही पडते, पण यादीतला प्रत्येक विभाग ती घेतो का, हे बघूनच पैसे भरा. घरून देणार असाल तर लॅपटॉपबरोबर वायफायचा राउटरही इन्व्हर्टरवर हवा. लाइट गेली, नेट तुटलं, की ती परीक्षा बाद होऊ शकते.

पुढचं आयईएलटीएस अ‍ॅकॅडेमिकबद्दल, म्हणजे उच्च शिक्षणासाठी द्यायच्या प्रकाराबद्दल, कारण नागपुरात विचारणा तिचीच जास्त.

आपल्या मुलांचा बँड अडतो तो रायटिंगमध्ये. इंजिनिअरिंगची चार वर्षं इंग्रजीत गेली हे खरं, पण त्या चार वर्षांत स्वतःचं असं सलग पान किती जणांनी लिहिलं? उत्तरपत्रिकेत मुद्दे आणि आकृत्या, लॅबच्या फाइलमध्ये मागच्या बॅचचं उतरवलेलं. इथे ६० मिनिटांत दोन लेखनं असतात: पहिलं किमान १५० शब्दांचं, दुसरं किमान २५०. दुसऱ्याचं वजन दुप्पट, म्हणून त्याला ४० मिनिटं राखून ठेवायचीच.

पहिल्यात आलेख, तक्ता किंवा प्रक्रियेची आकृती येते. समजा दोन देशांच्या वीजवापराचा ३० वर्षांचा आलेख आहे. मुलं १९९० पासून सुरू करतात आणि दर वर्षाचा आकडा ओळीने लिहीत सुटतात. परीक्षकाला आधी हवं असतं ते दोन वाक्यांत एकूण चित्र: एकाचा वापर सतत चढला, दुसऱ्याचा मध्यावर स्थिरावला, आणि शेवटी पहिला पुढे गेला. याला ओव्हरव्ह्यू म्हणतात. तो नसला तर ‘विचारलं ते लिहिलं का’ या निकषात ५च्या वर जाणं कठीण. आकडे त्यानंतर, आणि तेही निवडक: सुरुवात, शेवट, सगळ्यात वरचा, आणि रेषा एकमेकींना छेदतात ती जागा. वापर का वाढला याची कारणं लिहायची नाहीत. आलेखात नाही ते उत्तरात नको.

दुसरं लेखन म्हणजे दिलेल्या विषयावरचा निबंध. त्यात प्रश्न नीट वाचला जात नाही. ‘तुम्ही कितपत सहमत आहात’ आणि ‘दोन्ही बाजू मांडून तुमचं मत द्या’ ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या प्रकारात एकच बाजू लिहिली तर भाषा कितीही सुरेख असो, गुण कापले जातात. क्लासमध्ये पाठ करून घेतलेल्या सुरुवाती (आजच्या आधुनिक युगात, प्रत्येक नाण्याला दोन बाजू) परीक्षक ओळखून असतात. त्यांनी शब्दसंख्या भरते, बँड वाढत नाही. पाच मिनिटं आखणी, तीस मिनिटं लेखन, शेवटची पाच फक्त तपासायला. तपासताना आपल्या हमखास चुका शोधा: a, an, the गळणं, he-she नंतर क्रियापदाचा s सुटणं, आणि ‘आय अ‍ॅम हॅविंग’, ‘आय अ‍ॅम नोइंग’. आपल्या ‘करून राहिलो’ची सवय इंग्रजीत अशी डोकावते. संगणकावर शब्द मोजून मिळतात, पण स्पेलिंगखाली लाल रेघ येत नाही.

लिसनिंगमध्ये ४० प्रश्न आणि ध्वनिफीत एकदाच. शब्दमर्यादा आधी वाचा. ‘दोन शब्दांपेक्षा जास्त नको’ असं लिहिलेलं असताना तीन लिहिले तर उत्तर चूक. अनेकवचनाचा s सुटला तरी चूक. पहिल्या भागात नाव, पत्ता, फोन नंबर लिहून घ्यायचा असतो. तिथे ए, ई आणि आय या अक्षरांत गोंधळ होतो, शून्याला ‘ओ’ म्हणतात आणि ‘डबल सेव्हन’ ऐकताना पेन थांबतं. दोन्ही परीक्षांच्या अधिकृत नमुन्यांतून रोज दहा मिनिटं फक्त आकडे आणि स्पेलिंग ऐकून लिहिलं तरी हे सुटतं.

रीडिंगमध्ये इंजिनिअर लोक सहसा तरतात. एक सापळा मात्र त्यांच्यासाठीच आहे: बॅटरीवरचा उतारा आला की उत्तर स्वतःच्या ज्ञानातून देतात. उताऱ्यात नसेल तर ‘नॉट गिव्हन’, मग ते जगात कितीही खरं असो.

स्पीकिंगमध्ये उच्चार गोऱ्यांसारखे करायला जाऊ नका. तसं कुणी मागत नाही, समजलं पाहिजे एवढंच. दुसऱ्या भागात कार्ड मिळतं, तयारीला एक मिनिट, मग दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. त्या एका मिनिटात वाक्यं लिहू नका. कुठे, कधी, कोण, मग काय झालं, एवढेच शब्द टिपा. बरेच जण चाळीस सेकंदांत आटोपतात, कारण नुसतं वर्णन करतात, प्रसंग सांगत नाहीत.

नावाचं बघा. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं आणि वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाची चौकट वेगळी, आणि ‘गिव्हन नेम’मध्ये बरेचदा स्वतःचं व वडिलांचं नाव एकत्र. नोंदणी पासपोर्टप्रमाणे, अक्षर न् अक्षर तशीच करा, आणि विद्यापीठाच्या अर्जातही तोच क्रम ठेवा. नाही तर निकाल पोहोचतो, पण अर्जाला जुळत नाही. केंद्रावर मूळ पासपोर्टच न्यावा, झेरॉक्स चालत नाही. पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर आधी नूतनीकरण, मग नोंदणी.

फॉल सत्राच्या (ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणाऱ्या) अर्जांच्या बऱ्याच मुदती आदल्या डिसेंबरात असतात. परीक्षा ऑगस्टपर्यंत उरकली तर दुसऱ्या प्रयत्नाला जागा राहते. एकाच भागाने घात केला तर आयईएलटीएसमध्ये तेवढाच भाग ६० दिवसांच्या आत पुन्हा देता येतो, पण एकदाच, आणि तसा निकाल विद्यापीठ स्वीकारतं का हे आधी त्यांना मेल करून विचारा. फेरतपासणीही मागता येते, आणि गुण बदलले तर तिची फी परत मिळते. रायटिंग किंवा स्पीकिंगमध्ये अर्ध्या बँडने हुकलं असेल आणि बाकीचे भाग बरेच वर असतील, तरच त्या वाटेने जा. लिसनिंग-रीडिंगची उत्तरं ठरलेली असतात, तिथे फेरतपासणीत काही हलण्याची शक्यता फार कमी.