वावर विकून पैसे कॅनडात नेऊ का?

दरवर्षी जानेवारीत, कापसाची शेवटची वेचणी सुरू असताना, मी दारव्हा तालुक्यातल्या माझ्या गावी येते. आठवडाभरात कोणी ना कोणी ओसरीवर येऊन बसतंच. घरातला पोरगा नाहीतर पोरगी कॅनडाला कायमची निघालेली असते आणि प्रश्न ठरलेला: "ताई, तुम्ही इथले पैसे तिकडे नेले कसे जी? वावर इकूनच टाकू का?" तुम्ही इतक्या जणांनी विचारलंत, म्हणून एकदा नीट लिहिते.

पैसे नेता येतात. परदेशी स्थायिक झालेल्या माणसाला इथल्या एनआरओ खात्यातून, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांसाठी असलेल्या भारतातल्या रुपयांच्या खात्यातून, एका आर्थिक वर्षात १० लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. आपल्या गावात ती मर्यादा कोणी ओलांडणार नाही, तेव्हा तिची काळजी सोडा. अडतं ते कागदावर. पैसा कुठून आला आणि त्यावरचा कर भरला का, हे दाखवता आलं की तो जातो. नाही दाखवता आलं तर दोन लाखही हलत नाहीत.

माझी पहिली चूक खात्याची. २०१७ मध्ये मी आणि नवरा कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात गेलो आणि बँकेला काही सांगितलंच नाही. कायमचं बाहेर राहायला गेलं की साधं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं, हा फेमा या परकीय चलनाच्या कायद्याचा नियम आहे. मला तो दीड वर्षाने कळला. गावाजवळच्या शाखेतल्या साहेबांनी असं खातं कधी उघडलंच नव्हतं. त्यांनी जिल्ह्याच्या शाखेत पाठवलं, तिथून सही जुळत नाही म्हणून परत. चार आठवड्यांच्या सुट्टीतले अकरा दिवस एसटीत आणि बँकेच्या बाकावर गेले. रोज सकाळी आई भाकरी बांधून द्यायची आणि संध्याकाळी दारातूनच विचारायची, "झालं का वं?" म्हणून सांगते, व्हिसा हातात पडला की तिकिटाआधी बँकेत जा. पीपीएफ असेल तर घाबरून मोडू नका, मुदत संपेपर्यंत ते चालू ठेवता येतं.

आता वावर. कॅनडात कायमचं राहण्याच्या अर्जाच्या वेळी, तिकडची नोकरी हातात नसल्यामुळे, आम्हाला खात्यात पैसे दाखवायचे होते. बाबांनी पेटीतून सातबारा काढून माझ्यापुढे ठेवला. आठ एकर काळी जमीन आणि विहीर. "याच्याहून मोठा पुरावा काय पायजे त्याहिले?" मला सांगावं लागलं की जमिनीची किंमत त्यात धरत नाहीत, उसने किंवा कर्जाने आणलेले पैसेही चालत नाहीत. बँकेचं पत्र लागतं आणि त्यात मागच्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक. बाबांनी सातबाऱ्याची घडी केली, कडा बोटाने दाबल्या आणि पेटीत ठेवून दिला. ती घडी मला अजून दिसते.

२०२१ मध्ये बाबा गेले. वारसफेर, म्हणजे वारसांच्या नावाची नोंद, होऊन वाटणीत चार एकर माझ्याकडे आले. तिकडे घर घेत होतो, म्हणून धुऱ्याकडचे दोन एकर विकायचं ठरवलं. घ्यायला शेजारीच आले. एकरी साडेनऊ लाख ठरले. मग ते म्हणाले, रजिस्ट्रीत सहा लिहू, बाकी नगदी. दुसऱ्या दिवशी कापडी थैली घेऊनच आले, पाचशेच्या गड्ड्या, वर रबर. मामाही म्हणाले, घे पोरी, असंच असते. पण जमिनीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम नगदी घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि त्या थैलीतला एक रुपयाही कॅनडात जाणार नव्हता. मी नाही म्हटलं. चौथ्या दिवशी ते परत आले, एकरी आठ लाख, सगळे आरटीजीएसने. मी घेतले. तीन लाख कमी आले, पण जे आले ते सगळे माझे होते.

आमचं गाव नगरपालिकेच्या हद्दीपासून दूर आहे. अशा ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भारतात भांडवली नफ्याचा कर लागत नाही. यवतमाळच्या सीएंनी खरेदीखत, वारसफेर आणि गाव शहराच्या हद्दीबाहेर असल्याचा दाखला मागितला, प्रमाणपत्र दिलं आणि बँकेने पैसे पाठवले. कॅनडाचं मात्र वेगळं आहे, तिथे जगभरच्या कमाईवर कर लागतो. जमीन आधीच तुमच्या नावावर असेल तर तुम्ही तिथले रहिवासी झालात त्या दिवशीची जमिनीची बाजारभावाने किंमत हीच तुमची खरेदीची किंमत धरतात. त्यामुळे निघतानाच मूल्यांकन करून तो कागद जपून ठेवा. माझ्यासारखी नंतर वारसाने मिळाली, तर मिळाली त्या वेळची किंमत धरतात. मी तेव्हा मूल्यांकन केलं नव्हतं, नंतर जुने भाव गोळा करता करता जीव गेला.

आईबापांनी आपल्या खात्यातून पोरांना पाठवणं ही निराळी वाट आहे. त्यात माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि सध्या १० लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, आधीच घेते. रिटर्न भरल्यावर ते वळते होतात, पण तोवर पेरणीचे पैसे अडकून बसतात.

आणि वावर इकूनच टाकू का? माझं उत्तर नाही असं आहे, निदान तिकडचे दोन-तीन हिवाळे काढेपर्यंत तरी नाही. पैसा परत आणता येतो. शेतजमीन एकदा विकली की परदेशी राहणाऱ्याला ती विकत घेता येत नाही, कोणी बक्षीसपत्राने दिली तरी घेता येत नाही. मिळाली तर फक्त वारसाने. आमच्या गावातल्या एका घराने पोराच्या तिकिटासोबतच सगळं विकलं. तो चौदा महिन्यांत परत आला, आणि आता दुसऱ्याच्या वावरात मक्त्याने सोयाबीन पेरतो.

विहिरीजवळचे दोन एकर अजून माझ्या नावावर आहेत. यंदा त्यात तूर आहे. आई काल बांधावर उभी राहून मला व्हिडिओ कॉलवर शेंगा दाखवत होती, भरल्या का नाही ते मीच सांगावं म्हणून.